दुकानात सीसीटीव्ही: कॅमेरा घेण्याआधीपासून पोलिसांना चित्रण देण्यापर्यंत

बडोद्यात रावपुरा आणि दांडिया बाजार यांच्या मधल्या पट्ट्यात आमचे साड्यांचे व तयार कपड्यांचे दुकान आहे. जुन्या शहरातील बहुतेक दुकानांसारखे तेही अरुंद आणि खोल आहे: रुंदी १२ फूट, खोली ३२ फूट आणि तोंड पश्चिमेला. २०१७ च्या दिवाळीच्या तोंडावर, संध्याकाळी पाचच्या सुमारास, तिघांनी मिळून आमच्याकडून पाच रेशमी साड्यांचा गठ्ठा लांबवला. एकाने भाव करत मला गुंतवून ठेवले, दुसऱ्याने नोकराला माळ्यावर पिटाळले आणि तिसऱ्याने गठ्ठा पिशवीत सरकवला. दुकानात तेव्हा चार कॅमेरे होते आणि चारही चालू होते. चित्रणात मात्र दारातून आत येणाऱ्या तीन काळ्या आकृत्या, त्यांच्यामागे उतरत्या उन्हाचा झगझगीत चौकोन आणि कोपऱ्यात ४७ मिनिटे पुढे गेलेले घड्याळ एवढेच सापडले. नवव्या दिवशी चित्रणाची प्रत मागितली गेली तेव्हा तेही पुसले गेले होते, कारण डिस्कमध्ये आठच दिवसांचे चित्रण मावत होते.

त्यानंतर आम्ही आमची यंत्रणा दोनदा नव्याने उभारली आणि मांजलपूर व कारेलीबागेत दुकान काढणाऱ्या नातेवाइकांच्या यंत्रणाही उभ्या राहताना पाहिल्या. पहिल्यांदाच दुकान थाटणाऱ्याने आम्ही केलेल्या चुका पैसे मोजून पुन्हा करू नयेत, यासाठी हा लेख लिहिला आहे.

१. आधी प्रश्न लिहून काढा, मग कॅमेऱ्यांची संख्या ठरवा

बहुतेक दुकानदार कॅमेरावाल्याला बोलावून पहिला प्रश्न विचारतात तो भावाचा. तो छताच्या चार कोपऱ्यांकडे बोट दाखवून चार कॅमेऱ्यांचा संच सुचवतो आणि दुसऱ्या दिवशी काम उरकून जातो. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याला सगळे दुकान दिसते, पण त्यात नीट काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याचा खरा उपयोग घटना घडून गेल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळण्यासाठी असतो. म्हणून कॅमेरावाला येण्यापूर्वी एका कागदावर तुमच्या दुकानात कोणते प्रश्न उद्भवू शकतात ते लिहून काढा.

आमच्या कागदावर पाच प्रश्न होते. दारातून आत आलेल्या माणसाचा चेहरा कसा होता? गल्ल्यावर दिलेली नोट ५०० ची होती की १०० ची? गादीवर किती साड्या उलगडल्या आणि त्यातल्या किती पुन्हा घडी होऊन कपाटात गेल्या? सुरतेहून आलेल्या मालाच्या गाठी उतरवल्या तेव्हा त्या किती होत्या? आणि रात्री शटरपाशी कोण होते? या प्रत्येक प्रश्नाला वेगळ्या जागेवरचा, वेगळ्या लेन्सचा कॅमेरा लागतो. अनुभव असा की वर्षभरात चोरीसाठी चित्रण पाहण्याची वेळ क्वचितच येते. नोटेवरून होणारी हुज्जत मात्र दर पंधरवड्याला होते आणि तिचा निकाल दोन मिनिटांत, आवाज न चढवता लागतो. आमच्या दुकानात कॅमेऱ्याचा खर्च खऱ्या अर्थाने तिथेच वसूल झाला आहे.

अलीकडे या यादीत सहावा प्रश्न जोडावा लागला आहे. गल्ल्यावर लावलेल्या क्यूआर कोडवर रात्री किंवा गर्दीत दुसराच कोड चिकटवून पैसे आपल्या खात्यात वळवणारे भामटे निघाले आहेत. त्यामुळे आमच्या गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत तो क्यूआर कोडही येतो.

२. जागा नक्की करा, आणि कॅमेरा कुठे लावायचा नाही तेही

दारावरचा कॅमेरा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त वेळा चुकणारा आहे. तो दुकानाच्या आतून दाराकडे पाहणारा असावा, म्हणजे आत येणाऱ्याचा चेहरा समोरून मिळतो. पण त्याच कारणाने त्याच्यासमोर बाहेरचा उजेड येतो आणि चेहरा काळा पडतो. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानात संध्याकाळी चार ते सहा आणि पूर्वेकडच्या दुकानात सकाळी हा त्रास हमखास होतो. त्यासाठी या कॅमेऱ्यात डब्ल्यूडीआर ही सोय असावी लागते. ती असल्यास कॅमेरा उजेडाचा आणि अंधाराचा भाग वेगवेगळा टिपून दोन्ही एकत्र आणतो. खोक्यावर नुसते डीडब्ल्यूडीआर किंवा डिजिटल डब्ल्यूडीआर असे छापलेले असेल, तर ती टिपलेल्या चित्राची केवळ सजावट असते, हे लक्षात ठेवा. विकत घेण्यापूर्वी कॅमेरा तात्पुरता तारेला जोडून, ऊन नेमके दारात असताना, एखाद्या नोकराला दारातून आत यायला सांगा आणि मोबाइलवर चेहरा ओळखू येतो का ते पाहा. दुपारी बाराला घेतलेली चाचणी काही सिद्ध करत नाही.

उंचीचाही असाच घोळ होतो. जुन्या दुकानांची छते १२ ते १४ फुटांवर असतात आणि कॅमेरावाला सवयीने छतालाच कॅमेरा ठोकतो. तेवढ्या उंचीवरून, विशेषतः माणूस जवळ असताना, टोपी, टक्कल आणि भांग तेवढे दिसतात. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा जमिनीपासून साडेसात ते आठ फुटांवर, भिंतीला किंवा दाराच्या समोरच्या खांबाला लावावा. हात पोचेल म्हणून भीती वाटत असेल तर नळीसारख्या बुलेटऐवजी घुमटासारखा डोम प्रकार घ्यावा.

गल्ल्यावरचा कॅमेरा गल्ल्याच्या पेटीवर थेट वरून पाहणारा असावा, पण ग्राहक कार्ड यंत्रावर पिन दाबतो ती जागा त्याच्या चौकटीत येता कामा नये. यंत्र थोडे बाजूला सरकवले की काम होते. नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते, तिने तेवढा चौकोन झाकता येतो.

कपडे बदलण्याच्या खोलीत, स्वच्छतागृहात आणि नोकर कपडे बदलतात त्या जागी कॅमेरा लावायचा नाही, आणि बाहेरच्या कॅमेऱ्याचा कोनही त्या खोलीच्या दारातून किंवा पडद्याच्या फटीतून आत जाता कामा नये. एखाद्या स्त्रीचे खासगी क्षण असे टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच दोषसिद्धीला किमान एक वर्षाची कैद आहे. आमच्या ट्रायल रूमबाहेरचा कॅमेरा बसवल्यावर माझी पत्नी स्वतः आत उभी राहिली, मी मॉनिटरवर पाहिले, आणि समोरच्या भिंतीवरील आरशातून पडद्याची वरची कड दिसते हे आमच्या ध्यानात आले. आरसा त्याच दिवशी हलवला. आरशांकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

३. लेन्स आणि अंतर यांचे गणित स्वतः करा

कॅमेऱ्याचा मेगापिक्सेल आकडा विकणारा मोठ्या आवाजात सांगतो. लेन्सचा आकडा विचारल्याशिवाय सांगत नाही. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी चित्रातील प्रत्येक मीटर रुंदीला साधारण २५० पिक्सेल मिळावेत, ओळखीचा माणूस आहे का ते कळण्यासाठी १२५, आणि नुसते कोणीतरी आहे हे कळण्यासाठी २५, असा या क्षेत्रातला आंतरराष्ट्रीय मानकाचा हिशेब आहे. १९२० ला २५० ने भागले तर उत्तर साडेसात मीटरच्या जवळ येते. म्हणजे ज्या ठिकाणी चेहरा हवा आहे तिथे चित्रात मावणाऱ्या जागेची रुंदी साडेसात मीटरपेक्षा जास्त असू नये.

सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची लेन्स इतकी पसरट पाहते की ३ मीटरवरच, म्हणजे जेमतेम १० फुटांवर, ही मर्यादा गाठली जाते. आमच्या पहिल्या यंत्रणेत हीच लेन्स दुकानाच्या मागच्या भिंतीवर होती आणि दार तिच्यापासून ३२ फुटांवर होते! त्या अंतरावर दर मीटरला ७५ च्या आसपास पिक्सेल मिळतात. चोराच्या जागी सख्खा भाऊ असता तरी मला ओळखता आला नसता. ६ मिलिमीटरची लेन्स अरुंद पाहते, पण २० ते २५ फुटांपर्यंत चेहरा देते. तेव्हा दारासाठी आणि लांबच्या रॅकसाठी ६, गल्ल्यासाठी व लहान कोपऱ्यासाठी २.८ किंवा ३.६, असा ठोकताळा धरावा. फिरत्या लेन्सचा, ज्याला व्हेरिफोकल म्हणतात, तो कॅमेरा महाग असला तरी दारावर एक लावणे परवडते, कारण बसवल्यानंतरही चौकट कमीजास्त करता येते.

४. अ‍ॅनालॉग की आयपी

आमच्यासारख्या चार ते आठ कॅमेऱ्यांच्या दुकानाला अ‍ॅनालॉग एचडी प्रकार पुरतो: कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रापर्यंत, थ्री प्लस वन नावाची केबल, तिच्या दोन्ही टोकांना जोडणीच्या बीएनसी पिन आणि वेगळ्या एसएमपीएसवरून, म्हणजे कॅमेऱ्यांना वीज पुरवणाऱ्या पेटीवरून, १२ व्होल्ट वीज. दुरुस्ती कुठलाही कॅमेरावाला करू शकतो. आयपी प्रकारात, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत, कॅट सिक्स ही नेटवर्कची तार आणि पीओई स्विच लागतो, एकाच तारेतून चित्र व वीज दोन्ही जातात, चित्र अधिक तपशीलवार मिळते आणि पुढे कॅमेरे वाढवणे सोपे जाते. मात्र स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत एका तारेची लांबी १०० मीटरच्या आत हवी. दोन मजली किंवा गोदाम असलेल्या दुकानाने आयपीच घ्यावे. केवळ वायफायवर चालणारे, मेमरी कार्डाचे सुटे कॅमेरे दुकानाच्या मुख्य कामासाठी घेऊ नयेत, कारण चोराने कॅमेरा उचलला की चित्रणही त्याच्याबरोबर जाते.

एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सुरक्षाविषयक चाचण्या बंधनकारक आहेत. त्यामुळे बेनामी खोक्यातला स्वस्त माल घेताना बिलावर कंपनी, मॉडेल आणि क्रमांक लिहून मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर दुसरे दुकान गाठा.

५. हार्ड डिस्क किती मोठी?

हे गणित विक्रेता बहुधा अंदाजाने करतो, म्हणून तुम्हीच करा. कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट वेगाने साठवत असेल तर एका दिवसाचे साधारण २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६ जीबी आणि ३० दिवसांचे सुमारे २.६ टीबी. म्हणजे चार कॅमेऱ्यांना महिनाभर चित्रण ठेवायचे असल्यास १ टीबीची डिस्क कधीच पुरणार नाही. आमची नेमकी तेवढीच होती, आणि तीही पूर्ण वेगावर लावलेली. चित्रण आक्रसून साठवण्याची एच.२६५ ही पद्धत निवडल्यास त्याच दर्जासाठी जवळजवळ निम्मी जागा लागते, आणि दुकानातल्या हालचालींसाठी सेकंदाला १२ ते १५ चौकटी (फ्रेम) पुरेशा असतात. या दोन गोष्टी केल्या की २ टीबीमध्ये चार कॅमेऱ्यांचा महिना बसतो. डिस्क मात्र चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, सर्व्हेलन्स प्रकारचीच घ्यावी. संगणकाची जुनी डिस्क लावून पैसे वाचवणारे भेटतात आणि त्यांचे चित्रण ऐन वेळी सापडत नाही.

३० दिवस हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. गुजरातमध्ये २०२२ चा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा मोठ्या गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे लावायला आणि चित्रण ३० दिवस ठेवायला सांगतो. लहान दुकान सहसा त्याच्या कक्षेत येत नाही. परंतु पोलीस आयुक्तांचे जाहीरनामे वेळोवेळी निघत असतात आणि त्यांत काही व्यवसायांना कॅमेऱ्याची अट घातलेली असते. दुकान उघडण्यापूर्वी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात एकदा जाऊन, तुमच्या धंद्याला कोणता जाहीरनामा लागू आहे हे विचारून यावे. ग्राहकाच्या तक्रारी आठवड्या-दोन आठवड्यांनीही येतात, त्यामुळे कायद्याची अट नसली तरी महिनाभराचे चित्रण उपयोगी पडते.

६. डीव्हीआर ठेवायची जागा

पहिली सूचना: गल्ल्याखाली, जमिनीलगत ठेवू नका. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा सखल भागातील एका परिचिताचा डीव्हीआर जमिनीपासून वीतभर उंचीवर होता. पाणी ओसरल्यावर त्याने तो उघडला तेव्हा आत चिखलाचा थर होता, आणि पाणी असताना शटरशी कोणी झटापट केली का, हा त्याचा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. आमचा डीव्हीआर आता माळ्यावर, सात फुटांच्या वर, जाळीच्या कुलूपबंद लोखंडी पेटीत आहे. जाळी मुद्दाम ठेवली आहे. बडोद्याच्या मे महिन्यात बंद पेटीतला डीव्हीआर तापून स्वतःच बंद पडतो, हेही आम्ही एका उन्हाळ्यात पाहून घेतले.

दुसरी सूचना: तो चोराला सहज सापडू नये. रात्री शटर फोडणारे सराईत असतील तर गल्ल्याबरोबर डीव्हीआरही नेतात. निदान दारावरच्या आणि शटरवरच्या कॅमेऱ्याची चित्रे मोबाइलवर किंवा क्लाउडवर जातील अशी सोय ठेवावी.

७. वीज आणि तारा

डीव्हीआर, एसएमपीएस आणि इंटरनेटचा राउटर हे तिन्ही एकाच छोट्या यूपीएसवर घ्यावेत. बहुतेक ठिकाणी डीव्हीआर यूपीएसवर आणि कॅमेऱ्यांचा एसएमपीएस भिंतीच्या साध्या प्लगवर सापडतो, त्यामुळे वीज गेली की यंत्र चालू आणि पडदा काळा. तारा केसिंग पट्टीतून न्याव्यात आणि विजेच्या मुख्य वायरीच्या पट्टीत कोंबू नयेत. ओट्यावरून किंवा गच्चीवरून उघडी तार नेली असेल तर उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दोन दिवसांत ती तुटण्याची तयारी ठेवावी: मांजा अडकतो, पोरे खाली उभी राहून ओढतात, आणि १६ जानेवारीला कॅमेरावाल्याचा फोन सतत व्यस्त लागतो. बाहेरच्या जोडाला जंक्शन बॉक्स हवाच.

८. पासवर्ड

बसवणारा जाताना सांगतो, "पासवर्ड सोपा ठेवलाय, विसरणार नाही तुम्ही." तो त्याने त्या आठवड्यात बसवलेल्या प्रत्येक दुकानात तोच ठेवलेला असतो. तो असतानाच, त्याच्या समोर, पासवर्ड बदला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघडकीस आले. तिथेही वाट कमकुवत पासवर्डातूनच सापडली होती. त्याआधी २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्याचा मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन अमेरिकेतील मोठ्या संकेतस्थळांना खिळवून ठेवले होते. तुमचे साड्यांचे दुकान कोण कशाला पाहील, हा विचार इथे चालत नाही, कारण ही शोधमोहीम माणूस करत नाही, प्रोग्राम करतो.

मालकाचे खाते एकच असावे. बसवणाऱ्याचे आणि नोकराचे वेगळे, फक्त पाहण्यापुरते खाते काढून द्यावे, आणि नोकर काम सोडून गेला की त्याच दिवशी ते बंद करावे. मूळ पासवर्ड वहीत लिहून वही घरी ठेवावी. डीव्हीआरवर चिठ्ठी चिकटवलेली दुकाने मी स्वतः मोजली आहेत. आकडा सांगत नाही.

९. घड्याळ

४७ मिनिटांच्या त्या फरकाचा त्रास असा झाला, की चोरीच्या वेळेवरून चित्रण शोधताना आम्ही तासभर चुकीच्या जागी शोधत बसलो, आणि समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याशी आमच्या वेळेचा मेळ बसेना. डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये वेळ-विभाग जीएमटी अधिक ५:३० निवडावा आणि इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळण्याची एनटीपी ही सोय चालू करावी. इंटरनेट नसेल तर दर रविवारी मोबाइलशी ताडून पाहावे. डीव्हीआर बंद होऊन चालू झाल्यावर तारीख थेट २००० किंवा तशाच एखाद्या जुन्या वर्षावर गेली, तर आतला बटण-सेल संपला आहे. तो बदलायला पाच मिनिटे लागतात.

१०. सूचना फलक आणि नोकरमाणसे

दाराशी, डोळ्यांच्या उंचीवर, कॅमेरे चालू असल्याचा फलक लावा. आमच्याकडे तो गुजरातीत आहे, "तमे सीसीटीवी केमेरानी नजर हेठळ छो", आणि खाली मराठी व हिंदीतही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माणसाचा चेहरा ही त्याची वैयक्तिक माहिती आहे, एवढे समजून वागले तर पुढची जुळवाजुळव सोपी जाईल. आवाज टिपण्याची सोय मात्र आम्ही बंद ठेवली आहे. ग्राहक साडी निवडताना घरातल्या गोष्टी बोलतात. त्या साठवून आपल्याला काही करायचे नसते.

नोकरांना आधी सांगा. आमच्याकडे २६ वर्षे काम करणाऱ्या काकांनी कॅमेरे लागले त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही, कारण कॅमेरा नेमका जेवायच्या जागेकडे वळलेला होता आणि त्यांना तो आपल्यावर लावला आहे असे वाटले. कॅमेऱ्याचा कोन बदलला, पडद्यावर कुठली जागा दिसते ते त्यांना दाखवले, आणि पुढच्याच महिन्यात एका ग्राहकाने त्यांच्यावर घेतलेला आळ त्याच चित्रणाने उतरवला.

११. घटना घडल्यावर काय करावे

पहिले काम चित्रण वाचवणे. डीव्हीआर भरला की जुन्यावर नवे लिहितो, म्हणून त्याच दिवशी घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचे, सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण पेन ड्राइव्हवर काढा. पडद्याचे मोबाइलने चित्रीकरण करून समाधान मानू नका. पुराव्याच्या दृष्टीने ते दुय्यम ठरते. अनेक डीव्हीआर एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह ओळखतात, तेव्हा एक तसा तयार करून आधीच गल्ल्यात ठेवा. चित्रण यंत्राच्या मूळ स्वरूपात, त्याचा प्लेअर प्रोग्रामही सोबत घेऊन, दोन प्रतींत काढा आणि एक प्रत कोणाच्याही हाती देऊ नका.

दुसरे म्हणजे प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले आहे. त्यातील प्रमाणपत्राच्या नमुन्याचे दोन भाग आहेत: पहिला यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे तुम्ही, भरायचा, आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे हॅश मूल्यही लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. चित्रणात एक चौकट जरी बदलली तरी तो बदलतो. म्हणून प्रत काढल्याबरोबर हॅश काढून लिहून ठेवावे. हे काम तपास अधिकाऱ्याच्या सूचनेप्रमाणे पार पडते, पण ऐन वेळी लागणारी कागदपत्रे तुमच्याकडे तयार हवीत:

- डीव्हीआर, कॅमेरे आणि हार्ड डिस्क यांचे बिल, त्यावर मॉडेल व अनुक्रमांकासह
- दुकानाचा परवाना किंवा नोंदणी, आणि जागा भाड्याची असल्यास भाडेकरार
- तुमचे ओळखपत्र
- कोणता कॅमेरा कुठे आहे हे दाखवणारा हाताने काढलेला नकाशा
- डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ यांत फरक असल्यास त्याची लेखी नोंद
- गेलेल्या मालाची खरेदी-बिले

पोलिसांनी चित्रण किंवा डीव्हीआर मागितल्यास लेखी मागणी घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये तशी तरतूद आहे. शक्य तोवर प्रत द्यावी आणि पोच घ्यावी. पूर्ण डीव्हीआर जप्त झाला तर पंचनाम्यात डिस्कचा अनुक्रमांक लिहिला आहे ना, ते वाचून मगच सही करावी.

आणि एक मोह आवरावा. संशयिताचा फोटो व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकायची घाई करू नका. एकदा आमच्या बाजारातल्या गटात एका बाईंचा फोटो "साडीचोर" म्हणून फिरला. दुसऱ्या दिवशी त्या बिल घेऊन आल्या, पैसे त्यांनी दुसऱ्या गल्ल्यावर दिले होते. अब्रूनुकसानीचा खटला झाला नाही, तो त्यांच्या मोठेपणामुळे.

१२. महिन्याची तपासणी

दर महिन्याच्या १ तारखेला, दुकान उघडल्यावर, दहा मिनिटे द्या. थेट चित्र नको, २८ दिवसांपूर्वीचे चित्रण उघडून पाहा. ते निघाले तरच डिस्क काम करते आहे असे समजायचे. डीव्हीआरवरचा दिवा लुकलुकतो म्हणून साठवण चालू आहे, असा समज आमच्या नातेवाइकाचा होता आणि त्याची डिस्क चार महिने मृत होती. रात्रीचे चित्रणही पाहा: इन्फ्रारेड दिव्यांच्या उबेला आणि किड्यांना भुलून कोळी नेमके लेन्ससमोर जाळे विणतो आणि रात्रभर पडद्यावर पांढरे धागे हलत राहतात. काचेच्या दारामागून बाहेर पाहणारा कॅमेरा असेल तर तेच दिवे काचेवरून परततात. त्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड बंद करून बाहेर एक साधा दिवा लावावा. लेन्स कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. दिवाळी आणि नवरात्रापूर्वी मांडणी बदलली, कमानी किंवा तोरणे लावली, की चौकट पुन्हा तपासावी, कारण झेंडूच्या माळेने झाकलेला दारावरचा कॅमेरा दर वर्षी कुठे ना कुठे दिसतोच.

वार्षिक देखभालीचा करार करत असाल तर त्यात वर्षातून किती भेटी आणि बिघाड झाल्यास किती तासांत माणूस येणार हे लिहून घ्या. जुना डीव्हीआर बदलून नवा घेताना हार्ड डिस्क मात्र आधी काढून घ्या. बदल्यात मिळणारी सूट तेवढी कमी होते, पण ग्राहकांचे चेहरे अनोळखी माणसाच्या टेबलावर जात नाहीत. आमच्या जुन्या १ टीबीच्या डिस्कवर वैद्यकीय पट्टी चिकटवून तारीख लिहिली आहे आणि ती गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, कुलपात आहे.